गाव घरी असेल तेव्हा यावं

दसरा-दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्यावरून जाणाऱ्या महामार्गावर दोन तऱ्हेचे प्रवासी दिसतात. एक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलेले. ट्रॉलीत ज्वारीची पोती, पत्र्याची पेटी, तवा-परात, पाण्याची टाकी, कोंबड्यांचं खुराडं, कडेला बांधलेली शेळी आणि या सगळ्यावर जागा मिळेल तशी बसलेली बायका-पोरं. ऊसतोडीची टोळी निघाली आहे सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे, नाहीतर थेट कर्नाटकातल्या साखर कारखान्यावर. दुसरे प्रवासी काचा बंद केलेल्या गाडीत. हंपी, बदामी आणि विजयपूरचा गोल घुमट पाहून वेरूळ-अजिंठ्याकडे निघालेल्या परदेशी पर्यटकांची सोयीची वाट हीच. पंजाबातल्या संगरूरपासून कर्नाटकातल्या अंकोल्यापर्यंत जाणारा हा 52 क्रमांकाचा रस्ता आता चौपदरी झाला आहे. चौसाळ्याचा फाटा कधी मागे पडला ते गाडीतल्याला कळतही नाही.

दक्षिण भारतात सुट्टी घालवून परतलेल्या युरोपीय-अमेरिकी माणसाला काय आवडलं असं विचारलं, तर तो देवळांच्या आणि समुद्राच्या बरोबरीने एखाद्या गावाचं नाव घेतो. तमिळनाडूचं पर्यटन खातं वर्षानुवर्षं पोंगलच्या दिवसांत परदेशी पाहुण्यांना खेड्यात नेतं. अंगणातली कोलम रांगोळी, उतू जाणारं भाताचं भांडं, शिंगं रंगवलेले बैल त्यांना जवळून पाहता येतात. मदुराईजवळच्या अलंगनल्लूरला जल्लिकट्टूच्या दिवशी त्यांच्यासाठी वेगळी गॅलरी असते. केरळात एर्नाकुलमजवळचं कुंबळंगी हे मासेमारांचं गाव 2003 पासून पर्यटनगाव म्हणून ओळखलं जातं. यातलं काही बीड जिल्ह्यात का होऊ नये, हा प्रश्न वाजवी आहे आणि अधूनमधून विचारलाही जातो. उत्तर देताना मात्र निसर्ग, रस्ते, हॉटेलं यांचीच यादी वाचली जाते. खरी अडचण पंचांगात आहे, तिच्याकडे कोणी बघत नाही.

पोंगल जानेवारीत येतो. हवा थंड, पीक घरात आणि परदेशी माणसाची सुट्टीही त्याच सुमाराला. बीडचं तसं नाही. पर्यटनाचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि नेमक्या याच चार महिन्यांत बालाघाट डोंगररांगेच्या माथ्यावरची गावं रिकामी असतात. वस्तीच्या वस्ती कुलपात. घरी राहतात म्हातारी माणसं आणि हंगामी वसतिगृहात जेवणारी शाळकरी मुलं. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत उसाच्या फडातून मान वर करता येत नाही. टोळी गाडी सेंटरची असो, टायर सेंटरची असो की डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्या डोकी सेंटरची, पहाटे तीन-चारला उठून दवाने ओल्या झालेल्या पाचटात उतरायचंच. जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं अशी जातात. या काळात कोणी ‘ग्रामीण जीवनाचा अनुभव’ घ्यायला आलं, तर त्याला दिसेल ते गाव अर्धं आहे. उरलेलं अर्धं गाव तेव्हा एखाद्या कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत राहत असतं.

म्हणून इथे पाहुण्याला बोलावायचं असेल तर गाव घरी असेल तेव्हा बोलवावं. ही सोयीची गोष्ट नाही, हे मान्य. गावाच्या तारखा चंद्र ठरवतो, कारखान्याचा गळीत हंगाम ठरवतो, पाऊस ठरवतो. विमानाची तिकिटं सहा महिने आधी काढणाऱ्याला हे समजावून सांगावं लागेल. पण पाहुण्याच्या तारखेला गावाने सण लावायचा, हा उलटा मार्ग धरला तर जे पाहायला तो आला तेच उरणार नाही.

डिसेंबरातच यायचं असलेल्यासाठी एक दिवस मात्र आहे, आणि तो नाताळ-नववर्षाच्या आसपास पडतो. मार्गशीर्षातली वेळा अमावस्या. लातूर, धाराशिव आणि त्यांना लागून असलेल्या बीडच्या पट्ट्यात हिला येळवस म्हणतात. 2024 मध्ये ती 30 डिसेंबरला आली होती. लातूर जिल्ह्यात या दिवशी स्थानिक सुट्टी असते आणि भरदुपारी शहरातले रस्ते ओस पडतात, कारण सगळे रानात. घरधनी आंबिलाचं मडकं डोक्यावर घेऊन शेताकडे निघतो. शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केलेली असते. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पाच पांडव. पूजा झाली की आंबील शेतात शिंपडायची आणि मग पंगत बसवायची.

आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात कालवून, आंबवून केलेलं पातळ पेय. लसूण, मीठ, कोथिंबीर. मातीच्या भांड्यात रात्रभर राहिलेल्या आंबिलाला जो थंडपणा असतो तो फ्रिजमधल्याला येत नाही. सोबत भज्जी. हरभऱ्याचे सोले, तुरीचे दाणे, वाटाणा, वाल, शेंगदाणे, मेथी, चाकवत, गाजर, वांगं असं रानात आणि बाजारात जे हिरवं मिळेल ते एकत्र शिजवून, वर बेसन लावून घट्ट केलेली. बायका आदल्या दिवशी सोलायला बसतात आणि रात्र होते तरी सूप रिकामं होत नाही. मग बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर. ताट संपत आलं की वाढणारी पुन्हा समोर उभी. नको म्हणणाऱ्याच्या पानात आणखी पडतं. संध्याकाळी पेटता चूड घेऊन शेताला फेरी मारली की दिवस संपतो.

या सणात पाहुण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, ही त्याची मोठी गोष्ट. ज्याला शेत नाही त्याला बोलवायचं, रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारायची, ही रीतच आहे. शेजारचा शिक्षक, बँकेतला बदली होऊन आलेला कारकून, पोलीस ठाण्यातला हवालदार, सगळे कोणाच्या ना कोणाच्या शेतात जेवतात. त्या पंगतीत आणखी एक गोरा पाहुणा बसला तर पंगत तीच राहते. त्याला मांडी घालून बसता येत नसेल तर एखादं बाजलं पुढे येईल. इतकंच.

पण बीड जिल्ह्याचा खरा उत्सव चैत्रात आहे. कारखाने बंद होतात, टोळ्या परततात, हातात उरलेले पैसे असतात किंवा नसतात, तरी यात्रा चुकवायची नसते. चौसाळ्याहून याच रस्त्याने दक्षिणेला निघालं की धाराशिव जिल्ह्यातलं येरमाळा लागतं. येडेश्वरी म्हणजे तुळजाभवानीची धाकटी बहीण, अशी भाविकांची श्रद्धा. चैत्र पौर्णिमेला तिची यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी डोंगरावरून पालखी उतरते, आमराईकडे निघते आणि वाटेत चुन्याच्या रानात थांबते. त्या रानात लाखो माणसं वाकून काय करत असतात, हे आधी न सांगता पाहुण्याला फक्त बघू द्यावं. ती चुनखडीचे खडे वेचत असतात. काळ्या रानात पांढरा खडा दिसला की उचलायचा आणि एका ढिगावर नेऊन टाकायचा. म्हातारी, नऊवारीचा ओचा खोवलेली बाई, डोळ्यावर गॉगल लावलेला पोरगा, कडेवरच्या लेकराच्या मुठीत खडा धरवणारी आई, सगळे वाकलेले. ढीग वाढत जातो. आराध्यांच्या गळ्यात कवड्यांच्या माळा, हातात परडी, संबळ वाजतो आहे, हळद-कुंकवाने हवा रंगली आहे आणि ऊन चाळिशीला टेकलेलं. यात तिकीट नाही, गॅलरी नाही. बघणारा आणि करणारा असा भेदही नाही, कारण खडा उचलला की बघणारा करणाऱ्यांतला होतो.

ऐन हंगामातली एक यात्रा सांगायलाच हवी. मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीपाशी कार्तिक पौर्णिमेला मोठी यात्रा असते. कर्नाटक-तेलंगणातूनही भाविक पायी येतात. धबधबा, दरी आणि कन्नड-मराठी सरमिसळ ऐकू येणारी गर्दी. दक्षिणेतून वर येणाऱ्या प्रवाशाला हे ठिकाण महामार्गापासून थोडं आत वळलं की सापडतं.

पश्चिमेचा माणूस या भागातली गावं आणि यात्रा बघायला आजच येतो आहे असंही नाही. लिव्हरपूलमध्ये जन्मलेला फिलिप मेडोज टेलर निजामाच्या नोकरीत होता आणि 1853 साली त्याच्याकडे नळदुर्गचा कारभार आला. तुळजापूर, नळदुर्ग हा मुलूख त्याने घोड्यावरून पाहिला आणि 1863 मध्ये आलेल्या ‘तारा’ या इंग्रजी कादंबरीत तुळजापूरची भवानी आणि तिथली माणसं आणली. तो राज्यकर्त्यांतला होता, त्याच्या नजरेला त्याच्या खुर्चीची उंची होती. पण त्याने मुक्काम केला होता.

त्यानंतरचे काही जण तर पाहुणे म्हणून आले आणि घरचे झाले. गी द्लरी हा फ्रेंच जेझुइट वारीत चालला आणि त्याने विठोबाच्या संप्रदायावर 1960 मध्ये पुस्तक लिहिलं. हायडेलबर्गचे गुंथर सोंथायमर धनगरांच्या वाड्यांवर बसून ओव्या ऐकत, खंडोबा-बिरोबा-म्हस्कोबाच्या जत्रांना जात. 1992 मध्ये ते गेले, तोवर मराठी लोकदैवतांचा अभ्यास त्यांच्याशिवाय पुढे जात नव्हता. ॲन फेल्डहाउस या अमेरिकी विदुषीने महाराष्ट्रातल्या नद्यांवर, कावडींवर, तीर्थयात्रांवर पुस्तकं लिहिली. गेल ऑम्व्हेट अमेरिकेतून संशोधनासाठी आल्या आणि कासेगावच्या होऊन 2021 मध्ये तिथेच गेल्या.

बीडला सगळ्यात जवळचा म्हणावा असा माणूस गी पॉइत्व्हँ. 1934 मध्ये फ्रान्समध्ये जन्म, पुढे भारताचं नागरिकत्व. पुण्यात हेमा राईरकर यांच्यासोबत त्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. गावोगावच्या बायकांनी एक लाखाहून अधिक ओव्या दिल्या. बर्नार्ड बेल या फ्रेंच अभियंत्याने त्यांचं ध्वनिमुद्रण केलं. 1996 साली हे पथक बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातही आलं होतं. तिथल्या बायकांनी बाबासाहेबांवरच्या, बुद्धावरच्या ओव्या गायल्या. पॉइत्व्हँ 2004 मध्ये गेले. 2017 पासून हा सगळा ठेवा ‘पारी’ या संस्थेच्या संकेतस्थळावर मराठी-इंग्रजीत येऊ लागला. त्यात एक गोष्ट डोळ्यांत भरते. प्रत्येक ओवीखाली गाणारीचं नाव आहे, गावाचं नाव आहे. तिचं वय काय, शेती किती, मुलं किती, हेही बहुतेक वेळा आहे. तिचा फोटो आहे आणि तोही ‘एक ग्रामीण स्त्री’ म्हणून छापलेला नाही.

सुट्टीवर आलेल्याने दहा दिवसांत पॉइत्व्हँ व्हावं अशी अपेक्षा कोणी धरणार नाही. पण त्यातली एक सवय त्याला सहज उचलता येईल. ज्याचा फोटो काढला त्याचं नाव विचारायचं, लिहून घ्यायचं, आणि फोटो त्याला पाठवायचा. आता बहुतेक घरांत एक तरी स्मार्टफोन आहे, हे अवघड नाही. परदेशी मासिकांत आणि आपल्याकडच्या पर्यटन पत्रकांतही गावचा माणूस कायम बिननावाचा असतो. पागोटं, सुरकुत्या, हसरे डोळे. हे थांबायला हवं.

नाव न विचारता केलेल्या चित्रीकरणाने काय होऊ शकतं, याचा विचार विडा गावाच्या बाबतीत करावा. केज तालुक्यातल्या या गावात धुळवडीला जावयाची गाढवावरून मिरवणूक निघते. ऐंशीहून अधिक वर्षांची रीत. सण जवळ आला की गावातले जावई लपून बसतात, तरुण त्यांना हुडकून आणतात, गळ्यात चपलांचा हार घालतात, गाढवावर बसवून गावभर रंगात फिरवतात आणि शेवटी नवे कपडे, सोन्याची अंगठी देऊन मान करतात. टीव्हीच्या वाहिन्या दरवर्षी हे दाखवतात. या हसण्याला एक नातं आहे. हसणारा सासरा आहे, मेहुणा आहे, आणि गाढवावर बसलेल्यालाही अंगठी मिळणार हे ठाऊक आहे. नात्याबाहेरच्या माणसाने नुसता कॅमेरा लावला तर उरतो फक्त चपलांचा हार. विड्याला परदेशी पाहुणा नेऊ नये असं नाही. आदल्या दिवशी न्यावं, जावई कोण, कुठला, त्याची बायको कोणाची लेक, हे त्याला कळू द्यावं, आणि धुळवडीला त्याच्याही तोंडाला रंग फासावा.

आता पैशाचं. महाराष्ट्राला कृषी पर्यटन नवं नाही. बारामतीजवळच्या पळशीवाडीत पांडुरंग तावरे यांच्या कृषी पर्यटन विकास संस्थेने 2005 च्या सुमारास हे काम उभं केलं आणि 2020 मध्ये राज्याने कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. पुणे, सातारा, कोकणात त्याचा फायदा झालेली केंद्रं दिसतात, कारण तिथे शहर जवळ, पाणी जवळ. बालाघाटाच्या माथ्यावर शनिवार-रविवारी येणारं शहर नाही, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावाने पोहण्याचा तलाव बांधूही नये. इथे चालेल ते घरातलं राहणं. दोन खोल्या, स्वच्छ शौचालय, कडी लागणारं न्हाणीघर, पिण्याचं पाणी. एका गावात अशी पाच घरं पुरेत.

या घरांत राबणार कोण, हे आधी ठरवावं लागेल. वेळा अमावस्येची भज्जी कौतुकाने खाताना ती सोलायला, निवडायला, शिजवायला किती हात लागले याचा हिशेब कोणी करत नाही, कारण तो सण आहे आणि हात घरच्या बाईचे आहेत. पाहुण्याकडून पैसे घ्यायचे ठरलं की तो सण राहूनही तिच्यासाठी कामाचा दिवस होतो. मग पैसा तिच्या बँक खात्यात जावा. बचत गटांची बांधणी जिल्ह्यात आहे, त्यांच्यामार्फत हे होऊ शकतं. केरळच्या ‘जबाबदार पर्यटन’ योजनेत कुटुंबश्री बचत गटांच्या बायकांनी हॉटेलांना भाजी पुरवण्यापासून सुरुवात केली होती. चौसाळ्यासारख्या ठिकाणच्या गटाला चार महिन्यांत दहा-बारा पाहुणे मिळाले आणि त्यामुळे एखादी बाई एका हंगामात कोयत्याला गेली नाही, तर ही योजना कामाला आली असं म्हणता येईल. त्याहून मोठा दावा करू नये. पर्यटनाने ऊसतोड थांबणार नाही. ती थांबवायला पाणी लागेल, इथेच मिळणारं काम लागेल.

आणि ऊसतोड पाहुण्यापासून लपवूही नये. परदेशी माणसाला ‘आनंदी खेडं’ दाखवण्याची एक धडपड असते. रंगीत बैल, चुलीवरची भाकरी, लेझीम. बैल खरे आहेत, भाकरीही खरी आहे. पण त्याच भाकरी थापणाऱ्या हातावरचे उसाच्या पात्याचे चरे त्याला दिसले आणि त्याने विचारलं, तर खरं सांगावं. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी 2019 मध्ये जगभर गेली आहे. तो कदाचित ती वाचूनच आलेला असेल. ज्या घरात तो जेवला त्या घरातल्या बाईने तिचं म्हणणं तिच्या तोंडाने सांगितलेलं बरं.

सरकारनेही एक छोटं काम सोपं करावं. परदेशी पाहुणा घरी मुक्कामाला राहिला की यजमानाला चोवीस तासांत ऑनलाइन माहिती भरावी लागते. सगळे ज्याला ‘सी फॉर्म’ म्हणत आले तोच हा अर्ज. शहरातल्या हॉटेलात हे काम काउंटरवरचा माणूस करतो. गावातल्या घरधन्याला त्याची माहितीच नसते, आणि कळलं की पोलिसांचं लफडं नको म्हणून तो पाहुण्यालाच नको म्हणतो. ग्रामपंचायतीतल्या आपले सरकार सेवा केंद्रात हा अर्ज भरून मिळण्याची सोय झाली तर अर्धी भीती जाईल. इथवर पोचण्याची अडचण तर थोडी सुटलीच आहे. 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडला अहिल्यानगरहून रेल्वे आली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या गाडीची वाट पाहिली ती आता स्थानकात लागते. पुण्या-मुंबईकडून येणाऱ्याला बीडपर्यंतचं अंतर मनाने तरी कमी झालं आहे.

शेजारच्या पाटोदा तालुक्यात नायगावचं मोरांचं अभयारण्य आहे, सौताड्याचा धबधबा आहे. पत्रकात ही नावं असतातच, असावीतही. त्यांच्यापुढे एक लहानसं पंचांग छापावं. येळवस कधी, कपिलधारची यात्रा कधी, येरमाळ्याची पालखी कधी उतरते, पोळा कधी, कोणत्या गावाचा सप्ताह कोणत्या तिथीला, आणि टोळ्या साधारण कधी जातात, कधी येतात. बीडच्या गावांत सप्ताहाला परक्या माणसाला जेवू घालण्याची रीत पक्की आहे. भगवानगडाच्या नारळी सप्ताहात पुढच्या वर्षी यजमान कोण हे नारळ देऊन ठरतं, आणि ज्या गावाला नारळ मिळतो ते गाव वर्षभर शिधा, मांडव, पाणी यांच्या तयारीला लागतं. हजारोंच्या पंगती वाढायची सवय असलेल्या या गावांना दोन परदेशी पाहुणे जड जाणार नाहीत.

2025 मध्ये चैत्र पौर्णिमा 12 एप्रिलला होती. त्याच्या आगेमागे ट्रॉल्या परतीच्या वाटेवर असतात. चौसाळ्याच्या फाट्यावर ट्रॉली थांबते, आधी शेळी उतरते, मग पेटी, मग झोपेतलं पोर. पाच महिने बंद असलेल्या दाराचं कुलूप उघडायला जड जातं, कोणी तेलाचे थेंब सोडतं, आतून धुळीचा वास येतो. म्हातारी शेजारच्या ओट्यावरून उठून नातवाच्या तोंडावरून हात फिरवते. दोन दिवसांनी तेच घर येरमाळ्याला निघतं. त्यांच्या टेम्पोत एका माणसाला जागा असते.